विहिरीतल्या हाडाची बहीण

शेलूबाजारच्या फाट्यावर जीप येऊन थांबली, की पंचफुलाबाईच्या हातातला झारा थांबायचा. कढईतली वाळू तापलेली असो, हरभरे तडतडत असोत, समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असो. बाईची नजर आधी जीपमधून उतरणाऱ्या एकेका माणसाच्या तोंडावरून फिरून येई. शेवटचा माणूस उतरला, की झारा पुन्हा चालू. या खोळंब्यात तेवीस वर्षांत किती हरभरे करपले असतील, देव जाणे. तिचा नवरा, दोन एकरांत राबणारा अबोल माणूस, संध्याकाळी तिची फुटाण्यांची हातगाडी झाकायला येई, करपलेल्या फुटाण्यांची ढिगली बघे आणि म्हणे, "आज लय जीपा आल्या वाट्टे."

बस, तेवढंच. काही नट एका वाक्याच्या भूमिकेत सगळा प्रवेश तोलून धरतात, तसा तो माणूस होता.

गाडी लावायला गावात बऱ्या जागा होत्या. शाळेपाशी कडुनिंबाची सावली होती, बाजारात गर्दी होती. पण पंचफुलाबाईनं हा उन्हातला फाटाच धरला. मालेगाव, कारंजा, मंगरूळपीर, वाशीम, कुठूनही कुठेही जाणारा माणूस इथून गेल्याशिवाय राहत नाही, हे तिनं हेरलं होतं. आणि एक ना एक दिवस तिचा भाऊ गोपीचंद इथं उतरणार होता.

माहेर रिठदचं. आई गेली तेव्हा गोपीचंद तीन वर्षांचा आणि पंचफुला तेरा वर्षांची. भाकर थापायला ती शिकली ती भावाला मांडीवर घेऊनच. त्याच्या केसांत कायम ज्वारीचं पीठ असे. सोळाव्या वर्षी लग्न होऊन निघाली, तर पोरगं बैलगाडीच्या मागं नाल्यापर्यंत उघडंनागडं धावलं. तिथं गाडीवानानं बैल थांबवले, पंचफुला खाली उतरली आणि नव्या लुगड्याच्या पदरानं त्याचं नाक पुसून पुन्हा गाडीत बसली.

मोठेपणी गोपीचंद देखणा निघाला. गळा गोड, चालणं झोकदार. रिठदला तेव्हा हौशी नाटक मंडळ होतं. चार बैलगाड्या एकमेकींना बांधल्या की रंगमंच तयार, दोन बत्त्या भकभकायला लागल्या की प्रकाशयोजना झाली, आणि पडद्याला घरोघरची लुगडी. बाईचं काम कायम गोपीचंदकडे. तो बहिणीचं हिरवं लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन नुसता उभा राहिला, तरी मागच्या रांगेतले म्हातारे विड्या विझवत. पंचफुला मुद्दाम शेलूबाजाराहून यायची आणि त्याच्या निऱ्या स्वतः काढून द्यायची. "हळू चाल," ती दटावायची, "बाया धावत नाईत." तो म्हणायचा, "तू तं धावते बाई, म्हनून मीबी धावतो."

दोन हजार एकच्या श्रावणात, पावसानं जरा उघडीप दिलेल्या एका दुपारी, गोपीचंद "आलोच" म्हणून घरातून निघाला आणि आला नाही. वय सत्तावीस. घरात बायको हेमला, एकवीस वर्षांची, आणि वर्षाचा रविकांत. त्या आठवड्यात पावसानं तालुक्यात किती भिंती बसल्या, किती विहिरी खचल्या, त्याची कुणी नोंद ठेवली नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो तमाशाचा फड, जो त्याच सुमारास रिसोडवरून पुढं गेला होता. नट माणूस, गोड गळा, देखणं रूप. गावानं दोन आणि दोन चार केले. "गेला फडासंगं."

तरीही हेमलाच्या सासऱ्यानं पोलिसांत तक्रार दिली होती, शोध चालला होता. तो थांबला पंचफुलाच्या शब्दानं.

झालं असं. फाट्यावर एक कापडवाला उतरला. पंचफुलानं सवयीप्रमाणे त्याला विचारलं. तो म्हणाला, "तुमच्या भावासारखा एक जण पायला बाई, फडाच्या कनातीपाशी. पन नक्की नाई सांगत. पाठमोरा होता." पंचफुला त्याच जीपनं वाशीम आणि तिथून रिठद गाठून, हेमलापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "गोपी दिसला. फडात हाय. सुखात हाय."

ती खोटं बोलायला गेली नव्हती. पण वाटेत प्रत्येक थांब्यावर तो पाठमोरा माणूस थोडा थोडा वळत गेला होता, आणि रिठद येईपर्यंत त्याला गोपीचंदचं तोंड आलं होतं. हेमलाचे डोळे पुसले जातील, असं तिला वाटलं. डोळे पुसले गेले खरे. पण सासऱ्यानं दुसऱ्या दिवशी तक्रार मागं घेतली, शोध संपला, आणि हेमला त्या दिवसापासून गावाची 'टाकलेली' झाली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावेना. लग्नात ओटी भरताना बायका तिला वगळून पुढं सरकत. चार-सहा महिन्यांनी हेमलानं नणंदेशी बोलणं सोडलं. नवऱ्याचा ठावठिकाणा माहीत असून सांगत नाही, असा तिचा समज झाला होता. पंचफुलाला तो समज दूर करता आला असता. त्यासाठी कापडवाल्याचं सगळं वाक्य सांगावं लागलं असतं. ते तिला जमलं नाही.

भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. पंचफुलाबाईनं एकदाही ओवाळलं नाही. तिला भाऊ होता.

मागच्या उन्हाळ्यात रिठदच्या जगदेव पाटलानं वावरातली जुनी खचलेली विहीर पुन्हा मोकळी करायला काढली. जेसीबीच्या बकेटमध्ये दगडमातीबरोबर माणसाची हाडं आली. काम थांबलं, पोलीस आले, पंचनामा झाला. वरच्या थरातली लांब हाडं दोन दिवस ढिगाऱ्यावर मे महिन्याच्या उन्हात पडून होती. कवटी तिसऱ्या दिवशी खालच्या गाळातून, दगडांच्या आडून, हातानं उकरून निघाली. अंगठी नाही, घड्याळ नाही, कपड्याची चिंधी नाही. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी हाडं तपासली आणि सांगितलं: पुरुष, वय पंचवीस ते तीस, मार दिल्याची खूण नाही, विहिरीचा काठ अंगावर आला असावा.

गाव गोपीचंदचं नाव घ्यायला लागलं. ओळख पटवायला रक्त कुणाचं घ्यायचं, असा प्रश्न कुणाला पडलाच नाही. अग्नी देणारा तो वारस. रविकांत आता चोवीस वर्षांचा होता. त्यानं दवाखान्यात जाऊन हात पुढं केला. मांडीचं हाड आणि त्याचं रक्त प्रयोगशाळेत गेलं.

तीन महिन्यांनी कळलं, की हाडातून काही निघालं नाही, म्हणून जुळवणी झाली नाही. गावानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. जगदेव पाटील पारावर म्हणाला, "म्या तं पयलेच म्हनलं होतं. असंन कोनी वाटसरू. गोपीचंद फडात मजा मारून राह्यला." त्या दिवशी हेमला वावरात गेली नाही. आणि इकडे शेलूबाजारला पंचफुलाबाईनं जीपमधल्या पोराटोरांना ओंजळ ओंजळ फुटाणे वाटले.

आठवड्याभरानं रविकांत मोटारसायकलवर आला. उतरल्या उतरल्या आत्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, डाक्टरीनबाईनं तुमाले बलावलं. तुमचं रक्त लागते."

"माहं? माहं कायले?"

"म्हनते, माह्यापेक्षा तुमचंच कामाचं हाय."

"येडा का खुळा तू? मी दुसऱ्याच्या घरची. लगनात गोत्र बदललं माहं. तू पोटचा असून तुहं जुळलं नाई, तं माहं काय जुळंन?"

"जगदेवबाबाबी असंच म्हनत होते."

"मंग! शहाना मानूस हाय थो."

जगदेव पाटलाला तिनं जन्मात पहिल्यांदा शहाणा म्हटलं असेल. रविकांत गेला. पुन्हा आला. एकदा बाईला पित्त झालं, एकदा गाडीचं चाक बिघडलं, एकदा सोयाबीन काढायला मजूर मिळेनात. नवरा सगळं ऐकत होता. एका संध्याकाळी गाडी झाकताना तो म्हणाला, "सोयाबीन तं काढून झालं." तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिच्या मनातलं तिलाच ठाऊक होतं. विहिरीतला माणूस परका निघाला, तर गोपीचंद जिवंत. कुठल्या तरी गावात, केस पांढरे झालेला, पण जिवंत. आणि तो गोपीचंद निघाला, तर तो श्रावणातल्या त्या दुपारीच गेला होता. मग ती रिठदला 'सुखात हाय' म्हणून सांगायला गेली, तेव्हा तो हेमलाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दगडांखाली होता. रक्त दिलं तर एकाच सुईनं भाऊ मरणार होता आणि बहिणीचं पाप बाहेर येणार होतं.

दिवाळीच्या तोंडावर, भर अकराच्या उन्हात एक जीप थांबली. झारा थांबला. एकेक चेहरा उतरला आणि शेवटी एक बारकी, वाळलेली बाई उतरून थेट गाडीपाशी आली.

"बाई, हरभरे करपून राह्यले."

बावीस वर्षांनी हेमलाच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य हे होतं.

पंचफुलानं घाईनं कढई उतरवली. "बस. बस ना वं."

"बसाले नाई आली."

"पानी तं घे."

"द्या." हेमला उभ्यानंच पाणी प्यायली, तिनं तांब्या गाडीवर ठेवला. "सुईची भीती वाट्टे काय तुमाले? दोन बाळंतपनं केल्याली बाई तुमी!"

"भीती नाई वं."

"मंग माह्या पोराले हेलपाटे काहून घालाले लावता?"

पंचफुला वाळू चाळू लागली. चाळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"मले एक सांगा," हेमला म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "थो जित्ता असंन, तं असू द्या. त्याले ओढून आनाची हौस आता मले नाई. पन थे हाडं त्याचे असतीन, तं... बाई, त्याच विहिरीच्या काठानं मी रोज वावरात गेली. तेवीस वर्षं. डोक्यावर टोपलं घेऊन, त्याले मनात शिव्या देत देत गेली. थो तिथंच असंन, तं कोनाले शिव्या देल्ल्या मी? एवढंच मले माहीत पडू द्या. बाकी काई नाई मांगत."

पंचफुलानं शेगडी विझवली. गाडीवर कापड टाकलं. शेजारच्या पानठेल्याला हाक मारून "ध्यान ठेवजो" म्हणाली, आणि दोघी उलट दिशेच्या जीपमध्ये चढल्या. वाटेत एकमेकींशी बोलल्या नाहीत. वाशीमला बस बदलताना मात्र हेमलानं आत चढून नणंदेसाठी रुमाल टाकून जागा धरली.

डॉक्टर ज्योत्स्ना तिशीतली मुलगी होती. हेमला बाहेर बाकावर बसली. पंचफुलाला डॉक्टरबाईंनी समोर स्टुलावर बसवलं. हवालदार राजपाल कागद भरत होता.

"मावशी, सही करायच्या आधी काही विचारायचं असेल तर विचारा."

"तेवीस वर्षं झाले. एवढ्या दिवसात मानसाचं काय उरते? थे डीएनए का काय, थे सडत नाई काय?"

"सडतं ना. माणूस गेला की लगेच तुटायला लागतं. पाणी तोडतं, जंतू तोडतात, आणि ऊन तर सगळ्यात वाईट. पण हाडात चुना असतो. त्या चुन्याला धरून काही तुकडे टिकून राहतात."

पंचफुला म्हणाली, "मातीच्या भितीतल्या भुशासारखं. बाहीरचं कुटार एका पावसात सडते, पन जुनी भीत पाडली तं आतला भुसा जसाच्या तसा निघते."

डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या. "अगदी तसंच. हे मी आता सगळ्यांना सांगणार."

"मंग मांडीच्या हाडात काहून नाई भेटलं?"

"ते दोन दिवस मे महिन्याच्या उन्हात पडलं होतं."

"म्हंजे भाजलं."

"हो."

"भाजल्याला हरभरा पेरला तं उगवत नाई," पंचफुला म्हणाली. हा तिच्या जन्माचा धंदा होता. मग पुढं वाकून तिनं विचारलं, "अन् बाकीचं? थे बी भाजलं?"

"नाही. कवटी खाली गाळात होती, दगडांच्या आड, थंडाव्यात. तिथं उन्हाळाही पोचत नाही. आपली काळी माती, तिच्यात चुनखडी, तीही हाडाला सांभाळते. दाढेवर दगडासारखं कवच असतं. आणि कानाच्या आत एक हाड असतं, सबंध शरीरात त्याच्याइतकं घट्ट हाड नाही. टिकायचं असेल तर तिथं टिकतं. ती दोन्ही मी आता पाठवणार आहे."

"कानातलं," पंचफुला स्वतःशी म्हणाली. त्या कानात तिनं तेल घातलं होतं.

"आता तुमचं रक्त का, ते ऐका. घराचं खरेदीखत एकच असतं. घराला आग लागली, पाणी शिरलं, तर ते गेलं. पण लग्नपत्रिका पाचशे छापतात; कितीही नास झाला तरी कुणाच्या तरी फडताळात एक सापडतेच. शरीरातही तसंच. आईबाप दोघांकडून येणाऱ्या भागाच्या प्रती थोड्या. आणि एक छोटा भाग फक्त आईकडून येतो, त्याच्या प्रती शेकड्यांनी. जुन्या हाडात तोच सापडण्याची आशा जास्त. पण रविकांतकडे तो त्याच्या आईचा आहे, हेमलाबाईंचा. गोपीचंदचा तो भाग त्यांच्या आईकडे होता. आई नाही. आता तो तुमच्याकडे आहे."

"माहं गोत्र बदललं, बाई."

"गोत्र बदलतं मावशी. हे नाही बदलत."

 पंचफुला तेरा वर्षांची असताना आईनं जाता जाता पोरगं तिच्या मांडीत ठेवलं होतं. ते तेवढंच दिलं, असं तिला आजवर वाटत होतं.

"अन् मी नाईच म्हनलं तं?"

"तर नाही घेणार. जबरदस्ती नाही. हाडांची पेटी बिननावाची राहील."

बाहेर बाकावर हेमला पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती. तो आवाज आत येत होता. पंचफुलानं पदर सावरला आणि हात टेबलावर उताणा ठेवला. "घ्या. लागंन तेवढं घ्या."

दोन महिन्यांनी राजपाल हवालदाराचा फोन आला. दाढेतून पुरेसं मिळालं होतं. हाड आणि पंचफुला एकाच आईकडच्या रक्ताची निघाली. एवढ्यावरूनच नाव लावत नाहीत. पण वय, उंची, जागा आणि बेपत्ता झाल्याचं साल, सगळं एका माणसाकडे बोट दाखवत होतं. पंचफुलाबाई त्या दिवशी गाडीवरच होती. फोन नवऱ्यानं घेतला होता. तो शेतातून चालत फाट्यावर आला, तिच्या शेजारी दगडावर बसला आणि अंधार पडेपर्यंत हरभरे त्यानंच भाजले. एकही करपला नाही.

रिठदला रविकांतनं अग्नी दिला. मूठभर हाडं, चिता तरी पूर्ण रचलेली. परतल्यावर अंगणात सगळं गाव बसलं. जगदेव पाटील घसा खाकरून म्हणाला, "गोपीचंद देवमानूस होता. थो फडात जानारा नोहे, हे म्या पयलेपासून म्हनत होतो." कुणी मान वर केली नाही.

तेवढ्यात चार म्हाताऱ्या बायका हेमलाजवळ सरकल्या. एकीनं तिच्या मनगटाला हात घातला. हेमलानं हात झटकन मागं घेतला.

"काय करता?"

"रीत हाय वं बाई. बांगड्या..."

"तेवीस वर्षात एकीनं तरी भरल्या काय मले बांगड्या? ओटी भराले कोनी हात उचलला नाई, अन् फोडाले चौघी आल्या काय?"

बायका मागं झाल्या.  आणि पंचफुलाबाई उभी राहिली.  आयुष्यभर ती निऱ्या काढून देणारी, पडद्यामागची. चार माणसांपुढं बोलायची ही तिची पहिलीच वेळ.

"मले सांगाचं हाय," ती म्हणाली. "गोपी फडात हाय, हे गावाले म्या सांगतलं. मले कोनी तसं सांगतलं नव्हतं. थो कापडवाला म्हनला होता, भावासारखा एक जन पायला, पाठमोरा होता, नक्की नाई. नक्की नाई, हे म्या गिळलं. मले थो जित्ता पाह्यजे होता. त्याच्यापायी शोध थांबला, अन् त्याच्यापायी माह्या भावजयीले तुमी टाकल्याली म्हनलं. तिले कोनी टाकलं नव्हतं. माहा भाऊ घरूनच गेला अन् घरापाशीच राह्यला. बोल लावाचा तं मले लावा."

 हेमलानं तिच्याकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं, मग उठून आत गेली. आतून भांडं जोरात आदळल्याचा आवाज आला. लोक एकेक करून पांगले. पंचफुला अंगणातच बसून राहिली, उन्हं उतरली तशी उठली, पिशवी काखेत मारली आणि दाराशी जाऊन आत न बघता म्हणाली, "निघाली मी हेमला. शेवटची बस हाय."

आत चुलीपाशी हेमला परातीत पीठ घेऊन बसली होती. डोळे सुजलेले होते.

"माफ नाई केलं मी तुमाले," ती म्हणाली. "आज तं नाईच. उद्याचं उद्या पाहू."

"हाव."

"पन उद्या राख सावडाची हाय. रविकांत एकटा हाय, त्याले समजत नाई काई." तिनं परात नणंदेच्या दिशेनं ढकलली. "अन् सावडाले थांबल्याल्या तीस मानसाची पोळी हाय. उभ्या काहून? हात धुवा, अन् पीठ मळा."

पंचफुलानं पिशवी खुंटीला अडकवली आणि हात धुवायला मोरीकडे गेली.